शिमग्याच्या कॅसेटचे पैसे : जुन्या गाण्याची रॉयल्टी कशी शोधायची आणि कशी मिळवायची

२०२४चा जून. मासेमारीची बंदी नुकतीच लागली होती, मोरा बंदरात होड्या ओढून ठेवलेल्या. माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला : ११,७३० रुपये जमा. पेन्शनची तारीख नव्हती, कुणाकडून येणंही नव्हतं. मी पासबुक घेऊन उरणच्या शाखेत गेलो, तेव्हा कळलं की हे पैसे आमच्या १९९६च्या कॅसेटचे आहेत. दीड वर्षापूर्वी पुतण्याने मागे लागून माझ्याकडून फॉर्म भरून घेतला होता आणि मी तो विसरूनही गेलो होतो. त्याच दुपारी आमच्या गीतकाराच्या बायकोचा फोन आला. तिच्या खात्यातही तेवढेच जमा झाले होते. नवऱ्याला जाऊन पंधरा वर्षं झालेली. तिने एवढंच विचारलं, "यो कनचा पैसा, दादूस?"

आमच्यासारखे बँड रायगडात, ठाण्यात, मुंबईच्या कोळीवाड्यांत कितीतरी होते. शिमग्याला कॅसेट, गणपतीला कॅसेट, हळदीला कॅसेट. त्यातली बरीच गाणी आज डीजेवर वाजतात, रील्सवर नाचवली जातात, आणि ज्यांनी ती बांधली त्यांच्या घरी कुणाला पत्ताही नसतो. म्हणून मी जे केलं, जिथे अडलो, ते सगळं इथे लिहून ठेवतो.

आधी आमची गोष्ट थोडक्यात, कारण तुमचीही साधारण अशीच असेल. आम्ही नऊ जण. मी कीबोर्डवर, चाली माझ्या. एक ढोलकी, एक ऑक्टोपॅड, एक ट्रम्पेट, दोन गायक, कोरसला वाड्यातल्या तिघी. मोऱ्याहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरलो, ढोलकीवर प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि दादरच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत आठ गाणी उरकली. कंपनीने सगळ्यांचे मिळून १२,००० रुपये दिले आणि रेव्हेन्यू तिकीट लावलेल्या व्हाउचरवर माझी आणि गीतकाराची सही घेतली. करार म्हणून दुसरा कागद झालाच नाही. पुढे ती कंपनी बंद पडली आणि तिची सगळी गाणी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली.

पहिलं काम : कागद आणि कॅसेट

माळ्यावरची पेटी उतरवा. आपल्याला हवं आहे ते कॅसेटचं इनले कार्ड, म्हणजे डबीतला छापील कागद. त्यावर गीत, संगीत, गायक आणि साल छापलेलं असतं, आणि कोपऱ्यात गोलातल्या पी अक्षरापुढे कंपनीचं नाव असतं. हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा. व्हाउचर, पावती, स्टुडिओचं बिल, तालमीची वही, तेव्हाचा एखादा फोटो, जे सापडेल ते एका फाईलमध्ये घाला. गीतकाराच्या वहीत आमच्या होडीच्या गाण्याचा पहिला खर्डा मिळाला, वर तारखेसकट. इनले कार्डावर कंपनीने त्या गाण्यापुढे "पारंपरिक" असं छापलं होतं. ती वही नसती तर त्याचे शब्द त्याचेच होते हे दाखवणं फार अवघड गेलं असतं.

कॅसेट सापडली की लगेच प्लेयरमध्ये घालू नका. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत टेपवर बुरशी धरते, आतला छोटा स्पंजाचा तुकडा सुटून पडलेला असतो. आधी पेन्सिल घालून रीळ हाताने फिरवून बघा. अडत असेल किंवा पांढरे डाग दिसत असतील तर जाणत्या माणसाकडे द्या आणि एकदाच नीट डिजिटल करून घ्या.

दुसरं : एका गाण्यात तीन हक्क असतात

मला हे साठाव्या वर्षानंतर समजलं, ते तुम्हाला आजच समजावं.

पहिला हक्क गाण्याचा. त्यात शब्द गीतकाराचे आणि चाल संगीतकाराची. हा हक्क त्या माणसाच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. आमचा गीतकार २००९ साली गेला, म्हणजे त्याच्या शब्दांचा हक्क २०६९ संपेपर्यंत त्याच्या घराचा.

दुसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या टेपचा. ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून रेकॉर्डिंग करवलं, कायद्याच्या भाषेत जो निर्माता, त्याचा तो असतो. बहुतेक वेळा कंपनीचा. प्रकाशित झाल्यापासून पुढची ६० वर्षं.

तिसरा हक्क कलाकारांचा : गायक, ढोलकीवाला, ट्रम्पेटवाला. तो ५० वर्षांचा. आमचं १९९६चं वादन २०४६ संपेपर्यंत.

म्हणजे टेप कंपनीची असली तरी शब्द, चाल आणि वाजवणारे हात यांचा वेगळा हिशेब उरतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी जोर लावला होता. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी आपल्या वाट्याची रॉयल्टी सोडून देता येत नाही, ती फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच) देता येते. जुन्या करारांना ही दुरुस्ती कशी लागू पडते यावर वाद झालेले आहेत, म्हणून एकट्याने कंपनीशी भांडत बसण्यापेक्षा सोसायटीमार्फत जाणं मला बरं वाटलं. २८ एप्रिल २०२३ला मुंबई उच्च न्यायालयाने एफएम रेडिओच्या प्रकरणात गीतकार-संगीतकारांच्या बाजूने आदेश दिला : रेकॉर्डिंग वाजलं तर त्यातल्या शब्द-चालीची रॉयल्टीही द्यावी लागेल. आमच्यासारख्यांसाठी ती मोठी गोष्ट आहे. गायकांच्या रॉयल्टीचा प्रश्न लतादीदींनी १९६०च्या दशकातच मांडला होता, पण कोळीवाड्यातल्या ढोलकीवाल्यापर्यंत तो पोचायला इतकी वर्षं लागली.

व्हाउचरबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हक्क लिहून दिल्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आमच्या व्हाउचरवर "कॅसेटच्या गाण्यांचे मानधन मिळाले" एवढंच लिहिलं होतं, मुदत नाही की काही नाही. वकिलाने वाचून सांगितलं की टेप कंपनीची धरून चाला, पण शब्द आणि चाल तुमच्याकडेच आहेत असं म्हणायला जागा आहे. तुमचा कागद वेगळा असू शकतो. एकदा वकिलाला दाखवाच, त्या एका फेरीचे पैसे वाया जात नाहीत.

तिसरं : गाणं कुठे कुठे वाजतंय ते शोधा

आम्हाला पत्ता लागला तो करंजाच्या एका हळदीत. डीजेने आमचं होडीचं गाणं लावलं, मागे नवा बीट जोडलेला, पण मधला ट्रम्पेट आमचाच. पुतण्याने शाझम हे गाणं ओळखणारं ॲप उघडून मोबाईल स्पीकरकडे धरला आणि स्क्रीनवर गाण्याचं नाव आलं. कलाकाराच्या जागी भलतंच नाव.

घरी बसून पुढचा शोध घेतला. यूट्यूब, स्पॉटिफाय, जिओसावन, गाना, सगळीकडे बघितलं. इन्स्टाग्रामवर गाण्याच्या आवाजावर बोट ठेवलं की त्यावर किती रील्स झाल्या ते दिसतं. कोळी शब्द लोक रोमन लिपीत हवे तसे लिहितात. आमचं एकच गाणं सहा वेगवेगळ्या स्पेलिंगनी सापडलं. म्हणून गाण्याच्या नावाने, पहिल्या ओळीने, धृपदाने, गायकाच्या नावाने आणि कॅसेटच्या नावाने, असं पाचही तऱ्हेने शोधा. यूट्यूबवर व्हिडिओखालचं वर्णन पूर्ण उघडा. कंपनीने चढवलेलं गाणं असेल तर ते कुणी पुरवलं, संगीतकार-गीतकार कोण आणि हक्क कुणाकडे, हे तिथे लिहिलेलं असतं. स्पॉटिफायवर गाण्यापुढच्या तीन टिंबांत क्रेडिट्स सापडतात.

सापडलेल्या प्रत्येक जागेचा स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख वहीत टिपा. आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक दिसला तर तोही. तो त्या रेकॉर्डिंगचा आधार नंबरच समजा, त्याच्यावरून पुढे नेमकं गाणं ओळखलं जातं.

हे सगळं बघून राग येतो. मलाही आला. होडीच्या गाण्याला लाखांत व्ह्यूज आणि खाली "पारंपरिक". पण रागाच्या भरात तीच कॅसेट आपल्या चॅनलवर चढवू नका. टेपचा हक्क दुसऱ्याकडे असेल तर तुमच्यावरच कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची हक्कभंगाची ताकीद, येतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल जाऊ शकतं.

चौथं : कुणी कुठे नाव नोंदवायचं

गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. १९६९ची संस्था, २०१७ मध्ये नव्या कायद्याखाली तिची पुन्हा नोंदणी झाली. गायक आणि वादकांसाठी इसामरा नावाची संस्था. टेपच्या मालकांसाठी, म्हणजे कंपन्यांसाठी, वेगळ्या संस्था आहेत, तिकडे आपलं काम नाही. मात्र स्टुडिओचा खर्च बँडने स्वतः केला असेल आणि कंपनीने फक्त कॅसेटी छापून विकल्या असतील, तर टेपही तुमची ठरू शकते. मग गोष्टच वेगळी, तेव्हा वकिलाकडे जाताना स्टुडिओचं बिल आधी शोधा.

एकाच माणसाने गाणं लिहिलं, चाल लावली आणि गायलंही असेल तर दोन्हीकडे नाव घालायचं. मी फॉर्म ऑनलाइन भरला. पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला चेक आणि प्रकाशित गाण्यांचा पुरावा. सगळ्यात जास्त दिवस मोडले ते नावात. इनले कार्डावर माझं वाड्यातलं हाकेचं नाव, आधारवर पूर्ण नाव, आणि बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. आधी बँक, पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या, मग हाकेचं नाव टोपणनाव म्हणून त्याच्या वेगळ्या रकान्यात लिहा. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र मी जोडलं.

सभासद झालो म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. तसं नाही. सभासदत्वानंतर प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं, आणि पैसे येतात ते या नोंदीवरून. गाण्याचं नाव, पर्यायी नावं, गीतकार, संगीतकार, कुणाचा किती वाटा, कंपनी, साल, लिंक. पर्यायी नावांच्या रकान्यात आम्ही ती सहाही स्पेलिंगं टाकली. हक्क कंपनीकडे असतील तर सोसायटीच्या वाटपात साधारण निम्मा भाग हक्कधारकाचा आणि उरलेला निम्मा गीतकार-संगीतकारांत समान असतो.

इथे खरं लिहा. आमच्या आठ गाण्यांपैकी दोन खरोखर पारंपरिक होती, माझी आजी लग्नात धवल्यांबरोबर, म्हणजे लग्नविधीच्या गाण्यांबरोबर, ती म्हणायची. ती मी आपल्या नावावर चढवली नाहीत, फक्त वाद्यमेळ माझा असं लिहिलं. एका गाण्याची चाल तेव्हाच्या एका हिंदी गाण्यावरून उचललेली होती. त्या काळी सर्रास चालायचं. ते गाणं नोंदवलंच नाही. उरली पाच, ती पूर्ण आमची. जे सगळ्या कोळीवाड्याचं आहे ते एकाने आपल्या नावावर केलं तर उद्या दुसऱ्या वाड्यातली पोरं ते गायला गेली की त्यांच्यावर दावा येईल. ते मला नको होतं.

गीतकार गेलेला असेल तर

त्याच्या घरी आधी जा. आपलं काम नंतर करा. वारस म्हणून सभासद होता येतं, त्याला मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती लागते. आमच्या गीतकाराची बायको, म्हणजे वहिनी, मोऱ्याच्या बाजारात मासळी विकतात, त्यांच्याकडे पॅन कार्डच नव्हतं. ते काढलं. मुलाने संमती लगेच दिली. मुलगी नालासोपाऱ्याला असते, तिची सही आणायला दोन महिने लागले, कारण तिला वाटलं आईला कुणीतरी फसवतंय. तिचा संशय वाजवी होता. मी वही, इनले कार्ड आणि व्हाउचर घेऊन तिच्या घरी गेलो, वडिलांचं अक्षर तिने ओळखलं आणि सही केली. असल्या कामात फोनवर सगळं उरकायला जाऊ नका.

पाचवं : पैसे आल्यावर

रक्कम ठरलेली नसते. मला पहिल्यांदा ११,७३० आले, पुढच्या वाटपात ३,४१२. यावर घर चालत नाही, पण बंदीच्या दोन महिन्यांत ज्या घरात मासळीचा पैसा येत नाही, तिथे अकरा हजार म्हणजे किराणा आणि पोराची शाळेची फी. वर्षाची रॉयल्टी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. कापला नाही तरी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात रक्कम दाखवायचीच. सोसायटीकडून हिशेबाचा कागद येतो तोही जपून ठेवा, कोणत्या गाण्याचे कुठून किती आले ते त्यात असतं. होडीच्या गाण्याने बाकीच्या चार गाण्यांनी मिळून दिले त्यापेक्षा जास्त दिले होते.

आखाती देशांत आणि अमेरिकेत आपली माणसं आहेत, तिथेही ही गाणी वाजतात. परदेशातल्या सोसायट्यांशी आयपीआरएसचे करार आहेत, त्यामुळे शब्द-चालीचे तिथले पैसे तिच्यामार्फत येऊ शकतात. आपलं कोण ऐकणार, असं म्हणून हा भाग सोडू नका. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर सिंथेसायझरची एक रेकॉर्ड केली होती. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि म्हातारपणी त्यांना तिकडून कार्यक्रमांची बोलावणी आली.

आता वाटपाचं. कायद्याने पाहिलं तर संगीतकाराचा वाटा माझा. पण होडीच्या गाण्यातला ढोलकीचा उचल मी सांगितलेला नव्हता, तो त्याच्या हातातून आला. ट्रम्पेटचा तो तुकडाही स्टुडिओत ऐनवेळी सुचलेला. म्हणून बंदरावरच्या देवळात सगळे बसलो आणि कागद केला : माझ्या वाट्यातला तिसरा हिस्सा वाजवणाऱ्यांत आणि गाणाऱ्यांत. रक्कम छोटी होती तेव्हाच हे लिहून घेतलं ते बरं झालं. मोठी झाली असती तर प्रत्येकाच्या घरातून एकेक नवा माणूस बोलायला आला असता.

आणि सावध राहा. पैसे आल्याची बातमी फुटल्यावर मला दोन फोन आले. एकजण म्हणाला पाच हजार भरा, तुमची अडकलेली रॉयल्टी काढून देतो. दुसऱ्याला माझ्या सगळ्या गाण्यांचे "डिजिटल हक्क" कायमचे लिहून हवे होते. पैसे मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा, ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि "कायमचे", "सर्व माध्यमांसाठी" हे शब्द दिसले की कागद घरी आणून दोनदा वाचा.

ज्या कंपनीकडे आज टेप आहे तिला मी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, पोचपावतीसह. शिवीगाळ नाही, धमकी नाही. तीन मागण्या : आमच्या जुन्या कराराची प्रत द्या, होडीच्या गाण्यापुढचं "पारंपरिक" काढून गीतकाराचं नाव घाला, आणि कलाकारांची नावं दुरुस्त करा. आपण जे गायलं-वाजवलं त्यावर आपलं नाव असावं हा कलाकाराचा कायदेशीर हक्क आहे. चार महिन्यांनी गीतकाराचं नाव लागलं. वहिनींना मोबाईलवर ते दाखवलं तेव्हा त्यांनी पाटीवरचा हात पुसला आणि स्क्रीनवर बोट फिरवून अक्षर अक्षर वाचलं.

कलाकारांच्या नावांचं काम अजून बाकी आहे. ढोलकीवाल्याचा आणि ट्रम्पेटवाल्याचा इसामराचा फॉर्म मी भरून दिला. कोरसच्या तिघींची नावं इनले कार्डावर कधी छापलीच नव्हती, तिथे फक्त "आणि साथी" आहे. त्यातल्या दोघी वाड्यातच आहेत, तिसरी लग्न होऊन वसईला गेली. तिचं सासरचं नाव परवा कळलं. दुसऱ्या पत्रात तिघींची नावं घालून ते या सोमवारी उरणच्या पोस्टात टाकतो आहे.